नाणेघाटाच्या वाटेने जुन्नरला



आमचे शिरूर घोड नदीच्या काठी वसलेले आहे. जुनी माणसे गावाला आजही ‘घोडनदी’ याच नावाने ओळखतात. या घोडेला कुकडी मिळते, घोड भीमेला मिळते, आणि भीमा दौंडावरून पुढे पंढरीची वाट धरते. ही कुकडी ज्या डोंगरांत उगम पावते, त्याच डोंगरांत नाणेघाट आहे. आणि ती सह्याद्रीतून बाहेर पडून सपाटीला लागते, तेथे जुन्नर हे प्राचीन नगर आहे. म्हणजे शिरूर-दौंडच्या रहिवाशाला नाणेघाट आणि जुन्नर ही परकी ठिकाणे नव्हेत. आपल्याच नदीचे ते माहेर होय. या माहेरी चार दिवसांची पायी व वाहनाची सहल कशी करावी, वाटाड्या कशासाठी घ्यावा, आणि डोंगर व शहर ही दोन्ही एकाच सहलीत का पाहावीत, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम एक कबुली देतो. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. दरवर्षी सातवाहनांचा पाठ आला की, ‘नाणेघाटात एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकीत,’ हे वाक्य मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असे. दोन-तीन वेळा मुलांना घेऊन गेलोही. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, आणि वेळ उरला तर मोटारीने घाटमाथ्यापर्यंत जाऊन रांजणाभोवती एक प्रदक्षिणा, असा आमचा क्रम असे. सर्व काही पाहिले, परंतु एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे ना मुलांना कळले, ना मला. सेवानिवृत्तीनंतर गेल्या मार्गशीर्षात आम्ही अकराजण पुन्हा निघालो. काही शिरूरचे, काही दौंडचे. या वेळी मात्र क्रम उलटा ठेविला: आधी घाट, मग नगर. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी ज्या क्रमाने आला असेल, त्या क्रमाने.

हा व्यापारी कोठून येत असे? कोकणात सोपारा आणि कल्याण ही प्राचीन बंदरे होती. इजिप्तमधील एका ग्रीकभाषी प्रवाशाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्रप्रवासाचे पुस्तक आजही उपलब्ध आहे. त्यात कल्याणचे नाव आहे; देशावरील पैठण आणि तेर या बाजारपेठांचेही आहे. बंदर कोकणात आणि बाजारपेठा देशावर. मध्ये सह्याद्रीची भिंत. ही भिंत जेथे ओलांडता येते, अशा मोजक्या खिंडींपैकी नाणेघाट ही एक होय. खाली ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गाव, वर पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील घाटघर. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच. घाट चढून आलेला माल पहिल्याने उतरे तो जुन्नरला, आणि तेथून पुढे पैठणकडे जाई.

आता आमची सहल. दौंडची मंडळी चौफुला-न्हावरे मार्गाने शिरूरला आली. तेथून मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर असे करीत आम्ही माळशेज घाट उतरलो आणि संध्याकाळी पायथ्याच्या एका वस्तीवर मुक्काम केला. वाटाड्या आधीच ठरविलेला होता. पन्नाशीच्या घरातला, सडपातळ, फार न बोलणारा असा तो गृहस्थ घाटमाथ्याचा राहणारा. आमच्यासाठी मुद्दाम घाट उतरून आला होता. त्याने रात्रीच सांगितले, “गुरुजी, पहाटे पाचला निघायचं. उजेड व्हायच्या आत रान ओलांडलं पाहिजे. माणशी तीन बाटल्या पाणी घ्या.”

पहाटे सर्व मंडळी तयार होती. परंतु माझ्यातील मास्तर जागा झाला. चढण्यापूर्वी सर्वांना सातवाहनांचा इतिहास समजावून द्यावा, अशी बुद्धी मला झाली. मी बोलत राहिलो, लोक संकोचाने ऐकत राहिले, वाटाड्या दोनदा घसा खाकरून गप्प बसला. शेवटी तो म्हणाला, “गुरुजी, आता चला. ऊन काही आपल्यासाठी थांबायचं नाही.” तेव्हा सात वाजून गेले होते. शिवाय ओझे नको म्हणून तीनऐवजी दोनच बाटल्या घ्याव्यात, असा सल्लाही मीच दिला होता.

पहिला तास रानातून गेला. सावली होती, गप्पा चालल्या होत्या. त्यानंतर चढ सुरू झाला. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक साचून तयार झालेला आहे. त्यामुळे डोंगराला पायऱ्यापायऱ्यांचे रूप आले आहे: एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. खालून पाहता ‘आता माथा आलाच’ असे वाटते. वर गेल्यावर तो नुसता एक टप्पा ठरतो. मार्गशीर्षातले असले तरी कोकणचे ऊन दमट. दहाच्या सुमारास आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या आणि माथा तर अजून तासाच्या वाटेवर होता.

आमच्यात दौंडचे एक सेवानिवृत्त रेल्वे गार्ड होते. निघताना त्यांच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या होत्या, “गुरुजी, यांच्याकडे जरा लक्ष असू द्या. हे स्वतः होऊन काही सांगायचे नाहीत.” तसेच झाले. गार्डसाहेब काही न बोलता मागे मागे पडत गेले आणि एका वळणावर मटकन खाली बसले. पोटऱ्यांत गोळे आलेले, डोळ्यांपुढे अंधारी, ओठ कोरडे. आम्हा दहाजणांत मिळून पेलाभर पाणी निघाले नाही. एकाने परत फिरण्याचा विचार मांडला. मला तर काहीच सुचेना. त्यांच्या पत्नीचे शब्द तेवढे कानांत घुमत होते.

वाटाड्याने गार्डसाहेबांना एका खडकाच्या सावलीत आडवे केले, पायांखाली पिशवी ठेविली, सदऱ्याच्या गुंड्या सोडविल्या. “कुणी हलायचं नाही, खाली तर उतरायचंच नाही. मी टाक्यावर जाऊन येतो,” असे सांगून तो दोन रिकामे डबे घेऊन चढू लागला. पाऊण तासाने तो परतला, तेव्हा दोन्ही डबे काठोकाठ भरलेले होते. धोतराच्या कापडातून गाळून, त्यात मीठ, साखर आणि लिंबू घालून त्याने गार्डसाहेबांना घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने ते उठून बसले. त्यांचे ओझे दोघांनी वाटून घेतले, आणि आम्ही हळूहळू वर निघालो. वाटाड्याने मला एका शब्दानेही बोल लाविला नाही. चालता चालता एवढेच म्हणाला, “गुरुजी, जुनी वाट ओळखायची तर पाणी बघावं. टाकं जिथं, वाट तिथं.”

घाटाच्या माथ्यालगत कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. कोणते पिण्याचे, कोणते गुरांचे, हे तेथला माणूसच सांगू शकतो. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधून झिरपणारे पाणी या टाक्यांत साठते आणि पावसाळा सरून महिने लोटले तरी टिकते. ज्यांनी ही टाकी खोदली, त्यांना डोंगर कसा वाचावा हे ठाऊक होते.

टाक्यांजवळच ती सुप्रसिद्ध गुहा आहे. मुक्कामाच्या खोलीसारखी, आत तिन्ही बाजूंना बसण्यासाठी दगडी बाक. भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलेला आहे. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो दृष्टीस पडला, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकचिन्हांचा विशेष अभ्यास केला. हा लेख सातवाहन राणी नागनिका हिचा असून तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा असावा, असे अनेक विद्वान मानतात. तिने व तिच्या पतीने केलेले अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दिलेली दाने, म्हणजे गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी, यांची त्यात मोजदाद आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. प्रत्येकाच्या वर नाव कोरलेले होते. आज नावे आहेत आणि पुतळ्यांच्या केवळ पायांच्या खुणा उरल्या आहेत.

अंकगणित शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या लेखातील आकडे पाहून फार आनंद होतो. आपण पाटीवर गिरविलेल्या अंकांचे हे पूर्वज होत. तेव्हा शून्य नव्हते. दहाला निराळी खूण, शंभराला निराळी, हजाराला निराळी. भारतातील अंकांच्या अत्यंत जुन्या नमुन्यांत नाणेघाटाची गणना होते. गुहेपासून अरुंद खिंडीतील फरसबंद वाटेने वर गेले की माथ्यावर तो दगडी रांजण उभा आहे. जकातीची नाणी त्यात पडत, ही परंपरागत समजूत. लेखात रांजणाचा उल्लेख नाही. म्हणून माझे ते जुने वाक्य यापुढे ‘असे लोक मानतात’ या पुरवणीसह सांगावे लागेल.

ती रात्र आम्ही घाटघरला काढली. समोर जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका चांदण्यात दिसत होता. जीवधनवर जाण्याचा बेत होता. परंतु त्याच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ साली सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या असून काही ठिकाणी कातळाच्या खाचांत हातपाय रोवून चढावे लागते. वाटाड्याने गार्डसाहेबांकडे पाहिले आणि मान हलविली. या वेळी मी वाद घातला नाही.

तिसऱ्या दिवशी वाहनाने चावंड किल्ल्याच्या पायथ्यावरून, पूर गावचे कुकडेश्वराचे कोरीव मंदिर पाहून आम्ही जुन्नरला आलो. कुकडीचा उगम याच मंदिराच्या परिसरात मानितात. तेथे ओंजळभर पाणी घेताना शिरूर-दौंडच्या प्रत्येकास काहीतरी वाटल्यावाचून राहिले नाही. कारण आमचा मुलूख पर्जन्यछायेचा, आणि या खोऱ्यात बांधलेल्या माणिकडोह, येडगाव आदी कुकडी प्रकल्पातील धरणांवर पूर्वेकडच्या कितीतरी कोरड्या गावांची शेती अवलंबून आहे.

जुन्नरच्या सभोवारच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत: तुळजा, मानमोडी, लेण्याद्री आणि शिवनेरी अशा चार डोंगरांवर. एकाच शहराभोवती इतकी लेणी का, हा प्रश्न मी पूर्वी कधी स्वतःस विचारिला नव्हता. घाट चढून आल्यावर उत्तर आपोआप मिळते. बौद्ध भिक्षूंच्या या विहारांना दान देणारे लोक याच व्यापारी वाटेवर राबणारे व तिच्यावर पोट भरणारे होते. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बुरुडांची श्रेणी, कासारांची श्रेणी अशा संघटनांची नावे येथील लेखांत येतात. ‘यवन’ म्हणविणारे, म्हणजे ग्रीक वंशाचे मानले जाणारे, तिघे दातेही त्यांत आहेत.

आणि त्यांनी काय दिले, ते ऐका. माझ्यापाशी या लेखांचा तर्जुमा उतरून घेतलेली एक वही होती. मानमोडीच्या डोंगरावर बसून मी ती वाचू लागलो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिले सात खोल्यांचे लेणे आणि एक पाण्याचे टाके. इरिल नावाच्या यवनाने दिली दोन टाकी. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये, म्हणजे तो शककाल धरल्यास इ. स. १२४ च्या सुमारास, दिला एक मंडप आणि एक टाके. टाक्याला या लेखांत ‘पोढी’ हा प्राकृत शब्द आहे.

शाळेत शिकविताना ‘टाके दान दिले’ हे वाक्य मी भराभर वाचून पुढे जात असे. सोन्यारुप्याच्या दानापुढे टाक्याचे काय कौतुक? परंतु त्या दिवशी वाचता वाचता माझा आवाज थांबला. मी वर पाहिले, तो गार्डसाहेब माझ्याकडेच पाहत होते. ते म्हणाले, “गुरुजी, ते टाक्याचे पुन्हा एकदा वाचा.” मी पुन्हा वाचले. सर्वजण स्तब्ध होते. राज्याचा अमात्य, परदेशी वंशाचा धनिक आणि धान्याचे व्यापारी, या सर्वांना द्यावेसे वाटले ते पाणी. का वाटले, हे कळण्यासाठी आम्हाला एक दिवस तहानेने व्याकूळ व्हावे लागले. मोटारीने येऊन पाहिलेल्या लेण्यांत हे कळले नसते.

एकदा ही दृष्टी आली, की जुन्नरचा पुढचा इतिहासही उलगडतो. १४९० साली मलिक अहमदाने निजामशाहीची स्थापना केली ती जुन्नरात; पुढे राजधानी अहमदनगरला गेली. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी मोगलांच्या ताब्यातील हे शहर लुटले. कारण बाजारपेठ संपन्न होती. जुन्नरी कागद तर दूरवर प्रसिद्ध होता. जेथे वाट, तेथे पेठ. जेथे पेठ, तेथे रखवालीचा किल्ला. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे या वाटेचे पहारेकरी होत.

चौथ्या दिवशी सकाळी लेण्याद्री केली. तेथील चैत्यगृह पाहून शेजारच्या प्रशस्त विहारातील गिरिजात्मज गणेशाचे दर्शन घेतले. त्यानंतर शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म या गडावर झाला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत शिवनेरी आहे. सात दरवाजे ओलांडून, शिवाईचे दर्शन घेऊन वर गेलो, आणि आमची मंडळी न सांगता प्रथम कोठे गेली असेल, तर गंगा-जमुना या टाक्यांवर. वाटाड्याचे वाक्य प्रत्येकाच्या मनात होते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. ही सहल मार्गशीर्ष ते माघ या काळात करावी. पावसाळ्यात घाटाचा कातळ शेवाळाने निसरडा होतो आणि धुक्यात कड्याची कड दिसत नाही. चैत्र-वैशाखात ऊन सोसवत नाही. पहाटेच निघावे; माणशी तीन लिटर पाणी, मीठ, साखर, लिंबू बरोबर असावे. लेण्यांच्या व कड्यांच्या आसपास आग्या मोहळे असतात. म्हणून धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य. लेखावर खडू फिरवू नये, दगडावर नावे कोरू नयेत, टाक्यात हातपाय धुऊ नयेत. वाटाड्या त्याच गावचा घ्यावा, मेहनताना आधी ठरवावा आणि घासाघीस करू नये. मुख्य म्हणजे, निघण्याची वेळ, पाण्याचे माप आणि परत फिरण्याचा निर्णय, या तीन बाबतींत त्याचाच शब्द अखेरचा मानावा.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात कुझ्को हे इंका लोकांच्या राजधानीचे प्राचीन शहर आहे. त्या परिसरातून डोंगरवाटेने चार दिवस चालून माचू पिच्चू या नगरीपर्यंत प्रवासी जातात. त्या वाटेवर परवान्याच्या वाटाड्यावाचून कोणासही सोडीत नाहीत, आणि दिवसाकाठी हमाल व वाटाडे धरून पाचशेच माणसांना प्रवेश असतो. आपल्याकडे असा नियम नाणेघाटाला नाही. तेथे आपल्या विवेकानेच तो पाळावयाचा आहे. वाटाड्यास आपण पैसे देतो, म्हणून तो आपला नोकर, असे आपल्या सुशिक्षित मनाला नकळत वाटत असते. मला तसे वाटले होते. ज्या विषयात मी चौतीस वर्षे गुरुजी होतो, त्याच विषयाचा पहिला पाठ त्याने मला त्या घाटात दिला.

निरोपाच्या वेळी मी त्याला म्हटले, “दादा, त्या दिवशी माझी चूक झाली.” तो हसला आणि म्हणाला, “चूक कसली गुरुजी? पुढच्या वेळी पाचला निघू.”

मला दिलेला वेळ संपत आला आहे. शेवटी एवढेच सांगतो. या चैत्रात मी दौंडला गार्डसाहेबांकडे गेलो होतो. त्यांच्या दारात, रस्त्याच्या बाजूला, मांडव घालून एक मातीचा रांजण ठेविलेला होता. त्यावर ओले फडके, झाकण आणि बाजूला दोन पेले. स्टेशनाकडे जाणारी-येणारी माणसे थांबत होती, पाणी पिऊन पुढे जात होती. मी रांजणाकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, “बसा गुरुजी. आधी पाणी घ्या.”